चौथी बाजू करवंदीची

आमच्या सोसायटीला तीन बाजूंनी भिंत आहे. चौथ्या बाजूला बिल्डरने माहितीपत्रकात तळं दाखवलं होतं आणि तळ्यात दोन बदकं होती. प्रत्यक्षात तिथे एक सोडून दिलेलं भाताचं खाचर, त्याच्यापलीकडे माळ आणि माळाच्या मागे डोंगर आहे. बदकांबद्दल विचारलं तेव्हा ऑफिसातल्या मुलीने "ते फेज टूमध्ये" असं सांगितलं. चिखलोलीचं स्टेशनही त्या वेळी होणारच होतं. 'स्टेशनपासून तीन मिनिटं' असं लिहिलेलं घर मी स्टेशन नसताना घेतलं, त्यामुळे ती तीन मिनिटं खरी की खोटी हे तपासायला मला बरीच वाट बघावी लागणार होती.

मी अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात सुरक्षा अधिकारी होतो. सुरक्षा अधिकारी म्हणजे दंडुका घेऊन गेटवर बसणारा नव्हे. कामगारांनी हातमोजे घातलेत का, चष्मे लावलेत का, शिडी नीट टेकवली आहे का, हे बघत फिरणारा आणि म्हणून कुणालाच नको असलेला माणूस. तीस वर्षं मी लोकांना काय करू नका ते सांगितलं आणि निवृत्त झालो. उल्हासनगरातलं, कॅम्प चारमधलं दोन खोल्यांचं घर विकून आम्ही नवराबायको इथे तळमजल्यावर राहायला आलो. तळमजला अशासाठी की बायकोला बाग हवी होती. बाग म्हणजे गॅलरीबाहेरची बारा फुटांची पट्टी, आणि पट्टी संपली की ती चौथी बाजू.

पहिल्या वर्षी त्या बाजूने काय काय गेलं याची मी यादी ठेवली होती, नोकरीतल्या सवयीने. दोन सायकली, बाहेरच्या नळाची पितळी तोटी, कुणाचे तरी वाळत घातलेले पडदे. मग कमिटीने काटेरी तारेचं कुंपण घातलं. ते अकरा दिवस टिकलं. बाराव्या दिवशी सकाळी खांब होते, तार नव्हती. सेक्रेटरी पोलिसांत तक्रार द्यायला गेले, तर त्यांना विचारण्यात आलं की कुंपणाच्या राखणीला काय ठेवलं होतं. पुढच्या महिन्यात खांबही गेले.

तेव्हा मीटिंगमध्ये मी करवंदीचं कुंपण सुचवलं. मी मूळचा कोकणातला, करवंदीच्या जाळीत शिरलेलं माणूस कसं बाहेर येतं ते मी पाहिलेलं आहे. मी उभा राहून मुद्दे सांगितले. बारमाही हिरवी असते. काटा जाड आणि दुहेरी असतो. पाणी लागत नाही. फेब्रुवारीत पांढरी वासाची फुलं येतात, मग फळं हिरवी, गुलाबी, काळी अशी रंग बदलत जातात, म्हणजे शोभाही झाली. पक्षी येतात. लोक जांभया देत होते. शेवटी मी म्हणालो की भंगारवाला ती घेत नाही. ठराव एकमताने मंजूर झाला.

रोपं आणायला आम्ही आधी उल्हासनगरला गेलो. उल्हासनगरात मिळत नाही अशी गोष्ट नाही, असं तिथे राहिलेल्या प्रत्येकाला वाटतं आणि मलाही वाटायचं. आमच्या जुन्या गल्लीतल्या सिंधी शेठचा भाचा आता नर्सरी चालवतो. मी करवंद म्हणताच त्याचा चेहरा पडला.

"करौंदा? साईं, वो तो जंगली है। वो कोई लगाता है क्या?" मग त्याने मला ड्युरांटा दाखवला, पिवळ्या मण्यांचे घोस लटकलेला. "ये देखो। बारा महिना हरा, फोटो में एकदम फॉरेन।" मी काट्याबद्दल विचारलं. काटे नाममात्र होते. मग त्याने आतून हिरव्या प्लास्टिकच्या पानांची गुंडाळी आणली आणि सतरंजीसारखी उलगडली. हिला पाणी नको, खत नको, आणि किडे तर येऊच शकत नाहीत. मी म्हणालो की मला किडे हवेत, किड्यांना पक्षी येतात. त्याने बायकोकडे सहानुभूतीने पाहिलं. निघताना त्याने एवढं सांगितलं की केकवरची लाल चेरी म्हणजे पाकात मुरवून रंगवलेलं करवंदच असतं. हे मला वयाच्या साठाव्या वर्षी कळलं. त्यानंतर मी केक खाल्लेला नाही, पण त्याचं कारण मधुमेह आहे. बायकोने दोन कामिनीची रोपं घेतली, लाल फळांसाठी, आणि आम्ही परत आलो.

करवंदीची रोपं शेवटी चौथ्या बाजूनेच आली.

डोंगरावरच्या वाडीतून एक बाई रोज सकाळी साडेसातच्या सुमाराला डोक्यावर टोपली घेऊन माळ उतरायची, खाचराच्या बांधावरून यायची, आमच्या गॅलरीपुढून जायची आणि पुढच्या गेटने बाहेर पडून शेअर रिक्षाने अंबरनाथला जायची. उन्हाळ्यात करवंदं आणि जांभळं, पावसाळ्यात शेवळं, टाकळा आणि काय काय रानभाज्या, श्रावणात शिवमंदिरापाशी विकायला बेल. मी तिला मावशी म्हणायचो, जरी ती माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहानच असेल. ती मला दादा म्हणायची आणि अरेतुरे करायची. तिच्या वाडीत सगळ्यांनाच तसं बोलतात. मला तीस वर्षं लोक सर म्हणत आले होते, त्यामुळे आधी जरा लागलं, मग सवय झाली. तिची वाट आमच्या इमारतीच्या कितीतरी आधीची. ती सोसायटीत घुसत नव्हती, सोसायटीच तिच्या वाटेवर येऊन बसली होती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

एका सकाळी मी तिला हाक मारून विचारलं, "मावशी, करवंदीची रोपं मिळतील का? दीडेकशे?"

"कशाला रं एवढी?"

"कुंपण करायचंय. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

तिने मान न वळवता फक्त डोळ्यांनी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पाहिलं. "आन मी कुठून जाऊ?"

"तुम्हाला वाट ठेवणार ना. मधोमध, तीन फुटांची."

"नक्की?"

"शब्द दिला, मावशी."

"मग देते. पन वाट ठेव बरं का दादा. रस्त्यानं लई लांब पडतं मला."

बदल्यात तिने एवढंच मागितलं. रस्त्याने म्हणजे माळावरून डावीकडे वळायचं, दोन नव्या टॉवरना वळसा घालायचा, राडारोड्याच्या ढिगांमधून हायवेला लागायचं आणि ट्रकच्या कडेकडेने पुढे यायचं. नंतर एकदा मी ते स्कूटरवर मोजलं. साडेतीन किलोमीटर जास्त भरलं.

जूनमध्ये तिने चार खेपांत रोपं आणली, मुळांना ओली माती आणि वर पळसाची पानं गुंडाळून. मी दोरी बांधून दोन ओळी आखल्या, दीड-दीड फुटावर खड्डे, दुसरी ओळ पहिलीच्या फटींसमोर. मधे तीन फूट जागा सोडली. शेवटच्या खेपेला तिने सहा रोपं जास्तीची दिली आणि म्हणाली, "कुठलं मेलं तर त्याच्या जागी लाव." मी ती रंगाच्या रिकाम्या बादल्यांत लावून गॅलरीत ठेवली. एकही रोप मेलं नाही. कारखान्यात माझा रेकॉर्ड इतका चांगला नव्हता.

पहिल्या वर्षी लोकांना कुंपण दिसतच नव्हतं. मुलं त्यावरून उड्या मारत होती आणि मी ओरडत होतो. दुसऱ्या वर्षी ते गुडघ्याला आलं, तिसऱ्या वर्षी छातीला, आणि मग मात्र मला गॅलरीत बसायला कारण मिळालं. फुलं आली की आमच्या स्वयंपाकघरात जुईसारखा वास यायचा आणि बायकोच्या फोडणीशी त्याचं भांडण व्हायचं. मी नोंदवही सुरू केली. बुलबुल, सातभाई, शिंजीर, एक कायमस्वरूपी सरडा, एक मुंगूस जे सकाळी नऊला यायचं आणि सव्वानऊला जायचं. लाल त्रिकोण काढून 'सावधान, काटे' अशी पाटी लावली. एके दिवशी जाळीत डाव्या पायाची एक चप्पल आणि शर्टाची अर्धी बाही अडकलेली सापडली. आमच्या सुरक्षेचा हा पहिला ठोस पुरावा. मी दोन्ही वस्तू पंधरा दिवस नोटीसबोर्डाखाली ठेवल्या, पण कुणी न्यायला आलं नाही.

मला त्या कुंपणाचा गर्व झाला होता. सांगायला हरकत नाही. कारखान्यात माझं काम यशस्वी झालं म्हणजे काहीच घडायचं नाही, आणि न घडलेली गोष्ट कुणाला दाखवता येत नाही. इथे मी केलेली गोष्ट छातीएवढी उंच होती आणि पाहुण्यांना दाखवता येत होती. मावशी रोज त्या तीन फुटांतून यायची, एखादी फांदी वाटेत आली असेल तर मला सांगायची, आणि मी ती छाटायचो. आमचं बरं चाललं होतं.

त्या वर्षी एका मंडळाने सोसायट्यांच्या बागांची स्पर्धा ठेवली. परीक्षक आले, कुंपण बघून खूश झाले, फुलांचा वास घेतला, एकाने काटा टोचून घेतला आणि तरी खूशच राहिले. मग मधल्या वाटेपाशी थांबून एक जण म्हणाला, "एवढं छान कुंपण, आणि मधेच हे दात पडल्यासारखं काय?" मी मावशीचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि आम्हाला दुसरा नंबर दिला. पहिला नंबर बदलापूरच्या एका सोसायटीला गेला, जिच्या कारंज्यात पाणी नव्हतं. ते मला फार लागलं.

मग जूनअखेरीस सोसायटीचा पाण्याचा पंप नाहीसा झाला. लगोलग मीटिंग बोलावली. आमचे सेक्रेटरी तरुण आहेत, कॉम्प्युटरवाले, बोलायला गोड. ते म्हणाले, "काका, फ्रंट गेटला आपण ॲप घेतलंय. पाववाला आला तरी अप्रूव्हल लागतं. आणि बॅकसाइडला एकदम ओपन? मतलब कोणीपण येऊ शकतो ना?"

याला उत्तर सोपं होतं. कोणीपण येत नाही, मावशी येते, आणि तिला मी शब्द दिला आहे. छातीएवढा पंप डोक्यावर घेऊन साठीची बाई डोंगर चढेल का, हेही विचारता आलं असतं. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या डोळ्यांपुढे ते दात पडल्यासारखं आलं, आणि मी चष्मा पुसायला घेतला.

"एक्स्ट्रा रोपं आहेत का?" सेक्रेटरींनी विचारलं.

"आहेत," मी म्हणालो. त्या मीटिंगमधलं माझं एवढंच बोलणं इतिवृत्तात आहे.

बादल्यांतली सहा रोपं तोवर चांगली उंच झाली होती. ते भातलावणीचे दिवस होते आणि मावशी आठवडाभर येणार नव्हती, तसं ती सांगून गेली होती. तो आठवडा मी मुद्दाम निवडला नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. मी सहाही रोपं माझ्या हातांनी लावली. तीन पुढे, तीन मागे, दाटीने. माती दाबली, पाणी घातलं, लांब उभा राहून पाहिलं. फट कुठे होती ते ओळखू येत नव्हतं.

ती आली तेव्हा टोपलीत बेल होता. मी गॅलरीतच होतो, पेपर उघडून. बांधावरून ती नेहमीच्या चालीने आली, कुंपणापाशी थांबली, चार पावलं डावीकडे गेली, चार उजवीकडे. आपणच चुकलो असं तिला वाटलं असावं. मग तिने मला पाहिलं.

"दादा, वाट कुठं गेली?"

"मावशी, मीटिंगमध्ये ठरलं. पंप चोरीला गेला ना. मी एकटा काय करणार?"

तिने त्या सहा झुडपांकडे पाहिलं. करवंदीची सगळी पानं सारखीच असतात, पण तिला कळलं. बुंध्याशी बादलीतली काळी माती होती.

"ही मी दिलेली," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "चांगली लागलीत."

एवढं बोलून ती वळली आणि माळावरून डावीकडे चालू लागली. तिने शिव्या घातल्या असत्या तर मी कमिटीच्या बाजूने भांडलो असतो. तशी तयारीही होती.

पंपाचं पुढे कळलं. प्लंबरने तो दुरुस्तीला उल्हासनगरला नेला होता, वॉचमनला सांगून. वॉचमन सुट्टीवर गेला आणि बदलीवाल्याला काही माहीत नव्हतं. कमिटीने तोवर नवा पंप बसवला होता, त्यामुळे जुना दुकानातच राहिला. सेक्रेटरींनी ही माहिती ग्रुपवर टाकली आणि खाली हसऱ्या चेहऱ्याचं चित्र टाकलं. वाट उघडण्याबद्दल कुणी काही म्हणालं नाही. मीही नाही. पुढच्या स्पर्धेत आमचा पहिला नंबर आला. परीक्षकांनी 'अखंड हरित कुंपण' असा खास उल्लेख केला, मला शाल दिली, नारळ दिला आणि प्रशस्तिपत्र दिलं. नारळाची बायकोने चटणी केली. प्रशस्तिपत्र तिने भिंतीवर लावू दिलं नाही, ते कपाटात माझ्या स्वेटरखाली आहे.

वाटेबद्दल बायको तोंडाने काही बोलली नव्हती. पण त्या उन्हाळ्यात कुंपण काळ्या करवंदांनी लगडलं असताना तिने लोणच्यासाठी करवंदं बाजारातून आणली.

"दारात एवढी आहेत की," मी म्हणालो.

"त्यांना चव नाही," ती म्हणाली.

चव होती. मी खाऊन बघितली होती.

दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा मी रक्त तपासायला देऊन अंबरनाथहून स्कूटरवर परत येत होतो. हायवेला, टॉवरच्या वळणाच्या अलीकडे, समोरून मावशी येताना दिसली. डोक्यावर टोपली, पदर कमरेला खोचलेला, एक पाय किंचित आखडत टाकत होती. तो पाय पूर्वी तसा नव्हता. एक ट्रक तिला इतका खेटून गेला की तिचा पदर सुटला आणि तिने एका हाताने टोपली धरून दुसऱ्याने तो सावरला. मी स्कूटर हळू केली. थांबून काय बोलायचं ते ठरेना, म्हणून पुन्हा जोरात घेतली. माझ्या तोंडावर हेल्मेटची काच होती, तेव्हा तिने ओळखलं नसेल, असं मी दोन दिवस धरून चाललो. माझी स्कूटर पिस्ता रंगाची आहे. तशी दुसरी या भागात नाही.

तिसऱ्या दिवशी मी बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"अहो, मग कापा ना," ती म्हणाली. "तुम्हीच लावलीत, तुम्हीच कापा. त्यात विचारायचं काय?"

मी कोयता घेऊन गेलो. सहापैकी चौथ्या झुडपात, कमरेच्या उंचीवर, बुलबुलाचं घरटं होतं. त्यात तीन अंडी. आई माझ्यापासून हातभर अंतरावर बसून मला शिव्या देत होती. मी कोयता खाली केला. बातमी पसरली, मुलं बघायला आली, सेक्रेटरींनी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि घरट्याजवळ कुणी जाऊ नये अशी सूचना लिहिली. मी पंचवीस दिवस थांबलो. अंडी फुटली, पिल्लांना पिसं आली, ती एकेक करून उडाली. पंचवीस दिवस मी त्या पाखरांसाठी मुलांना ओरडलो, मांजराला हाकललं, जवळून जाताना चप्पल काढून हळू चाललो. मावशीसाठी मी दोन वर्षांत खुर्चीतून उठलो नव्हतो. हे मला त्या दिवसांत रोज सकाळी साडेसातला आठवायचं, आणि स्वतःची लाज वाटायची.

पिल्लं उडाल्यावरच्या रविवारी अकरा वाजता सोसायटीची सर्वसाधारण सभा होती. अकराला पाच कमी असताना मी चामडी हातमोजे घालून, सगळ्यांच्या देखत कापायला सुरुवात केली. करवंदीला कापलं की पांढरा चीक येतो. तो मोज्यांना, शर्टाला, चष्म्याला लागला. सेक्रेटरी धावत आले.

"काका, काका, याला रेझोल्यूशन लागेल."

"कापून झालं की करा."

"पण सिक्युरिटी इश्यू आहे ना. पंप..."

"पंप उल्हासनगरला दुरुस्तीच्या दुकानात आहे. जाऊन ओळख पटवून या."

ते सभेला परत गेले. माणूस वाईट नाही. संध्याकाळी त्यांनी मावशीला ॲपमध्ये 'रोजची मदतनीस' म्हणून नोंदवलं, म्हणजे ती अधिकृत झाली. तिचा फोन नंबर त्यांना माहीत नव्हता, म्हणून माझा दिला.

दुसऱ्या दिवशी मी अंबरनाथला गेलो. मावशी स्टेशनजवळ तिच्या ठरलेल्या जागी बसली होती, पुढ्यात शेवटची करवंदं, पळसाच्या पानांवर पसरलेली, शेजारी तागडी. रस्ताभर मी काय बोलायचं ते जुळवलं होतं.

"मावशी, वाट उघडली."

"बरं."

"माझी चूक झाली. मी शब्द दिला होता."

"पाव का अर्धा?" ती म्हणाली. हे ती मला म्हणाली की माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईला, ते मला कळलं नाही. मी बाजूला झालो. अर्धा किलो करवंदं मागच्या बाईने घेतली.

तीन दिवस ती आली नाही. मी रोज सातपासून वाटेपाशी खुर्ची टाकून बसायचो. चौथ्या दिवशी बांधावर टोपली दिसली, मग टोपलीखाली ती. मला इतका आनंद झाला की मी उठून उभा राहिलो आणि मग काय करावं ते न कळून परत बसलो.

ती वाटेच्या तोंडाशी आली आणि थांबली. मी खालून बरोबर तीन फूट मोजून कापलं होतं. पण पाच वर्षांत दोन्ही बाजूंची झुडपं माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती आणि वरच्या फांद्या एकमेकींत शिरल्या होत्या. खाली माणूस जात होतं. टोपली जात नव्हती.

"थांबा, मावशी," मी म्हणालो, पण तिने टोपलीला हात घातला होता. ती हळूहळू खाली बसली, आखडलेला पाय बाजूला काढून, आणि तिने टोपली जमिनीवर ठेवून माझ्याकडे सरकवली. मी ती ओढून घेतली. ती वाकून आत आली आणि पदर झाडला.

"दे आता डोक्यावर."

मी टोपली दोन्ही हातांनी धरली. ओझं कसं उचलायचं हे मी तीस वर्षं कामगारांना शिकवलं. गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा. मी गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली. टोपली छातीपर्यंत आली आणि तिथेच राहिली. त्यात जांभळं होती, गळ्यापर्यंत भरलेली, खाली आणखी काहीतरी.

"ऱ्हाऊ दे, ठेव," ती म्हणाली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. डोक्यावरची चुंबळ नीट केली. "आता दे."

मी टोपली तिच्या चुंबळीवर ठेवली. तिने माझ्या मनगटाला धरलं आणि उठली. उठताना तिच्या गुडघ्यातून आवाज आला, तो मला ऐकू आला.

"मावशी, रस्त्याने जाताना मधे दमलात तर उचलून कोण देतं?"

"कोन देनार? कुनी नाय."

"मग?"

"उतरवली तर चढवनार कोन? म्हनून उतरवतच नाय." एवढं सांगून ती आमच्या गॅलरीपुढून गेटकडे गेली.

रस्त्याने, साडेतीन किलोमीटर जास्त, दोन वर्षं, एकदाही खाली न ठेवता. मी कोयता आणायला घरात गेलो, आणि दुपारपर्यंत ती वाट वरपर्यंत मोकळी केली.